अवकाशात पहिल्यांदा ‘गाडी लागली’ तेव्हा

मोठ्या माणसांची चरित्रे सांगताना त्यांचे पराक्रम सांगायची आपल्याकडे रीत आहे. कोण किती उंच चढला, कोणी किती लढाया जिंकल्या, कोण कुठे पहिला पोहोचला, वगैरे. आज मात्र मी अशा एका माणसाविषयी लिहिणार आहे, ज्याने विज्ञानाला दिलेली सर्वांत मोलाची देणगी म्हणजे त्याला झालेल्या मळमळीची आणि उलटीची खरीखुरी हकीकत! रविवारच्या सकाळी कांदेपोह्यांची बशी समोर असताना हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी नाक मुरडू नये. या एका हकीकतीतून एक अख्खी विद्याशाखा वाढीला लागली आणि माणसाला मंगळावर पाठवायचे की नाही, या आजच्या प्रश्नाचा धागाही तिच्यापर्यंत मागे जातो.

त्या माणसाचे नाव गेरमान टिटोव्ह. युरी गागारिन यांचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. टिटोव्ह यांचे नाव ऐकले की साठीच्या पुढची मंडळी जरा आठवून मान हलवतात आणि तरुण मंडळी प्रश्नार्थक चेहरा करतात. पृथ्वीभोवती फिरणारा दुसरा माणूस तो. आणि दुसऱ्याला कोण विचारतो?

मी व्यवसायाने कान-नाक-घशाचा डॉक्टर. चक्कर, भोवळ, तोल जाणे या तक्रारी घेऊन येणारी माणसे तपासण्यात माझे आयुष्य गेले. म्हणूनच असेल, पण मला गागारिनपेक्षा टिटोव्ह जवळचे वाटतात.

सैबेरियाच्या दक्षिणेला अल्ताई नावाचा प्रदेश आहे. तिथल्या वेर्खनेये झिलिनो या खेड्यात ११ सप्टेंबर १९३५ रोजी गेरमान यांचा जन्म झाला. वडील स्तेपान टिटोव्ह हे शाळामास्तर. भाषा आणि साहित्य शिकवायचे, व्हायोलिन वाजवायचे आणि पुश्किन या कवीवर त्यांचा भारी जीव. इतका की, मुलाचे नाव त्यांनी पुश्किनच्या ‘हुकमाची राणी’ या कथेतल्या नायकावरून ठेवले आणि मुलीचे झेम्फिरा हे नावही पुश्किनच्याच एका काव्यातून उचलले. आपल्याकडे एखाद्या मास्तरांनी मुलांची नावे कालिदासाच्या नाटकांतून ठेवावीत, तसलाच हा प्रकार. घरात पैसा बेताचा, पण पुस्तके भरपूर. मुलगाही वाचनवेडा निघाला. पुढे अंतराळवीरांच्या प्रशिक्षणातही तो पुश्किनच्या ओळी म्हणत असे.

चौदा-पंधरा वर्षांचा असताना गेरमान सायकलवरून पडला आणि त्याचे मनगट मोडले. हाड जुळले खरे. पण त्याला विमान चालवायचे होते आणि मोडलेले मनगट वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत आडवे आले असते. पोराने काय करावे? त्याने ही गोष्ट लपवली. रोज कसरत करून हात असा घोटला की डॉक्टरांना संशयही येऊ नये. तो उत्तम रीतीने पास झाला आणि १९५७ साली लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडला. त्या मनगटाचा इतिहास वेळीच कळला असता, तर टिटोव्ह नावाचा अंतराळवीर झालाच नसता. हे मनगट वाचकांनी लक्षात ठेवावे. आपल्या गोष्टीत त्याला महत्त्व आहे.

१९६० साली सोव्हिएत संघाने आपले पहिले वीस अंतराळवीर निवडले. त्यांत गागारिन होते आणि टिटोव्हही. त्याच सुमारास टिटोव्ह यांच्या घरावर आघात झाला. त्यांचा पहिला मुलगा तान्हेपणीच दगावला. ते आणि त्यांची पत्नी तमारा या दुःखातून जात असतानाच तिकडे प्रशिक्षण ऐन भरात होते. वीसांतून सहा निवडले गेले आणि सहांतून शेवटी दोघे उरले. पहिला कोण, हा प्रश्न होता.

निवड गागारिन यांची झाली. का, याच्या नाना कथा सांगतात. गागारिन शेतमजुराच्या घरातले, त्यांचे हसणे मोहक, नाव अस्सल रशियन. तर टिटोव्ह मास्तरांचे पोर, स्वभावाने तिखट, बोलायला फटकळ. पण प्रशिक्षणाचे प्रमुख जनरल कामानिन यांच्या रोजनिशीतून वेगळीच गोष्ट पुढे आली. पुढचे उड्डाण पूर्ण एका दिवसाचे, म्हणजे कितीतरी अधिक कठीण होते आणि त्यासाठी अधिक कणखर माणूस राखून ठेवायला हवा, असे त्यांना वाटत होते. तो कणखर माणूस म्हणजे टिटोव्ह. १२ एप्रिल १९६१ रोजी टिटोव्ह अंतराळवीराचा पोशाख चढवून, राखीव गडी म्हणून गागारिन यांच्याबरोबर तळापर्यंत गेले आणि तिथूनच त्यांनी मित्राला निरोप दिला. गागारिन १०८ मिनिटांनी परतले ते अजरामर होऊन.

त्या काळी शास्त्रज्ञांना यंत्रापेक्षाही माणसाच्या डोक्याची धास्ती होती. वजन नाहीसे झाले की माणसाला भ्रम होईल, तो वेड्यासारखा कळ दाबील आणि यानाचा घात करील, अशी भीती अनेकांना वाटत होती. म्हणून गागारिन यांच्या यानाची हाताने चालवायची यंत्रणा चक्क कुलूपबंद ठेवली होती. कुलूप उघडायचा तीन आकडी संकेत लिफाफ्यात बंद होता. डोके ठिकाणावर असेल तोच लिफाफा फोडून आकडे लावू शकेल, हा त्यामागचा हिशेब. गागारिन यांचे डोके ठिकाणावर राहिले. पण १०८ मिनिटांत कळणार ते किती?

६ ऑगस्ट १९६१ रोजी ‘व्होस्तोक-२’ हे यान बायकोनूरहून झेपावले. आत पंचवीस वर्षांचे मेजर टिटोव्ह. सव्वीस पूर्ण व्हायला महिना-सव्वा महिना बाकी होता. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा सर्वांत तरुण माणूस हा त्यांचा विक्रम आजही अबाधित आहे. रॉकेटचा धक्का संपला, वजन गेले आणि त्याच क्षणी टिटोव्ह यांना वाटले की आपण उलटे झालो आहोत. डोके खाली, पाय वर! समोरची उपकरणे जागची हलली नव्हती, पट्टे घट्ट होते, पण मेंदू काही केल्या ऐकेना. तो विशिष्ट भास जरा वेळाने ओसरला. मात्र डोके हलवले की गरगरू लागले आणि पोटात ढवळू लागले. खाण्याचा प्रयत्न केला, तर खाल्लेले उलटून पडले. अवकाशात उलटी करणारा पहिला माणूस, असाही एक विक्रम त्यांच्या नावे नोंदवला गेला!

हे का होते? खंबाटकी घाटातून एस.टी.ने प्रवास केलेल्या कोणालाही त्याचे निम्मे उत्तर ठाऊक आहे. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कुठे वळले ते त्या सांगतात. शेजारीच दोन बारीक पिशव्या असतात आणि त्यांत एका मऊ पटलावर कॅल्शियमचे सूक्ष्म खडे बसवलेले असतात. पृथ्वीच्या ओढीने हे खडे खाली रेलतात आणि खाली कोणती बाजू, हे मेंदूला कळते. मेंदू या कानांच्या बातमीचा डोळ्यांच्या बातमीशी ताळा घालतो. घाटात डोळे गाडीच्या स्थिर आतल्या भागाकडे असतात, तर कान सांगतात की आपण वळणांवर हेलकावे खातो आहोत. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळून पोटाला वेठीस धरतो. यालाच आपण गाडी लागणे म्हणतो. अवकाशात तर त्या खड्यांना खाली रेलायला वजनच उरत नाही. खाली ही दिशाच नाहीशी होते. जन्मापासून ज्या साक्षीदारावर विसंबलो, तो एकाएकी मुका झाला तर मेंदूने करावे काय?

टिटोव्ह यांनी हाल होत असतानाही कामे सोडली नाहीत. त्यांनी यान हाताने वळवून पाहिले, हातातल्या कॅमेऱ्याने पृथ्वीचे चित्रण केले. अंतराळातून माणसाने स्वतः टिपलेली ती पहिली चित्रे. मग ते झोपले. अवकाशात झोपणाराही पहिला माणूस तोच. झोपेत हात आपोआप वर तरंगू लागले, तेव्हा ते पट्ट्याखाली खोचून त्यांनी अशी ताणून दिली की ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा जाग आली. झोपेनंतर मात्र त्यांना पुष्कळ बरे वाटू लागले. मेंदू हळूहळू नव्या जगाची सवय करून घेत होता. आपल्या हाती लागलेली ही दुसरी मोठी माहिती. १७ प्रदक्षिणा आणि २५ तास १८ मिनिटांनंतर, ७ ऑगस्टला ते यानातून बाहेर फेकले जाऊन हवाई छत्रीने सारातोव्ह भागातील शेतात उतरले.

आता खरी परीक्षा होती. शीतयुद्ध ऐन रंगात होते. आठवड्याभरात बर्लिनची भिंत उभी राहायची होती. जगापुढे सोव्हिएत वीर हसतमुख आणि पोलादी दिसायला हवा होता. मला मुळीच त्रास झाला नाही, असे टिटोव्ह यांनी सांगितले असते, तर कोणाला कळणार होते? बंद डब्यात ते एकटेच होते. मनगट लपवून वैमानिक झालेल्या माणसाला ही युक्ती नवीही नव्हती. शिवाय खरे बोलण्याची किंमत काय पडू शकते, हे वैमानिकाइतके कोणाला कळणार? विमानदलात चक्कर येते हे शब्द उच्चारणे म्हणजे आपल्या हाताने आपले पंख कापणे.

टिटोव्ह यांनी सगळे सांगितले. उलटे झाल्याचा भास, गरगर, मळमळ, उलटी, डोके स्थिर ठेवल्यावर मिळालेला आराम, झोपेनंतर पडलेला फरक, सारे क्रमाने, डॉक्टर केस लिहितो तसे. मी हे वाचतो तेव्हा मला माझ्याकडे येऊन गेलेला एक ट्रक ड्रायव्हर आठवतो. त्याला वर्षभर भोवळ येत होती. नोकरी जाईल म्हणून त्याने मालकालाच काय, बायकोलाही सांगितले नव्हते. एका रात्री घाटात गाडी कठड्याला घासली, तेव्हा तो माझ्याकडे आला. त्याचा आजार साधा होता. कानातले खडे जागचे सरकले होते. डोके विशिष्ट रीतीने वळवून ते जागी बसवता आले. वर्षभर त्याने मरण बरोबर घेऊन गाडी हाकली ती आजारामुळे नव्हे, तर गप्प बसल्यामुळे. अशी माणसे प्रत्येक घरात असतात. मुलगा स्कूटर काढून घेईल म्हणून चक्कर लपवणारे आजोबा आपल्या ओळखीत नाहीत काय?

टिटोव्ह यांच्या कबुलीने सोव्हिएत डॉक्टर खडबडून जागे झाले. पुढचे उड्डाण वर्षभराने, ऑगस्ट १९६२ मध्ये झाले. दरम्यान कानाच्या तोलाच्या चाचण्या आणि गरगर फिरणाऱ्या खुर्चीचा सराव कितीतरी कडक करण्यात आला. अमेरिकनांनीही ही गोष्ट मनावर घेतली. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरले, तेव्हा त्यांना मुद्दाम डोके हलवून पाहायला सांगितले होते. त्यांना काहीच झाले नाही. यान इतके चिंचोळे की हालचालीला वावच नव्हता. पुढे ऐसपैस याने आली तसे सत्य उघडे पडले. आज आपल्याला ठाऊक आहे की अंतराळात जाणाऱ्या दर तिघांपैकी साधारण दोघांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतो. मार्च १९६९ मध्ये अपोलो-९ च्या रस्टी श्वाइकार्ट यांना तो इतका झाला की यानाबाहेर पडण्याचा कार्यक्रम बदलावा लागला. तेही पुन्हा कधी अंतराळात गेले नाहीत. पण परतल्यावर त्यांनी स्वतःचे शरीर या विकाराच्या प्रयोगांसाठी डॉक्टरांच्या हवाली केले. टिटोव्ह यांच्याच कुळातला हा माणूस!

ग्लेन यांच्या यानात आणखी एक गंमत होती. उपकरणांच्या फळीवर डोळे तपासायचा एक छोटासा तक्ता चिकटवला होता. वजन गेल्यावर बुबुळाचा आकार बदलून दिसेनासे होईल, अशी शंका काही नेत्रतज्ज्ञांनी काढली होती. म्हणून ग्लेन यांनी तो अधूनमधून वाचायचा होता. अक्षरे स्पष्ट दिसली आणि शंका हसण्यावारी गेली. पण त्या डॉक्टरांचे चुकले होते ते फक्त वेळेच्या बाबतीत. पाच तासांत जे होत नाही, ते पाच महिन्यांत होते!

पृथ्वीवर आपले रक्त आणि इतर द्रव पायांकडे ओढले जातात. अंतराळात ते छाती-डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजतो, पाय काटकुळे होतात. महिनोन्महिने असे राहिले की डोळ्यामागच्या मज्जातंतूच्या मुखाशी सूज येते, नेत्रगोल मागून किंचित चपटा होतो आणि जवळचे अंधुक दिसू लागते. २००५ साली अमेरिकी अंतराळवीर जॉन फिलिप्स यांना स्थानकात असताना दृष्टी मंदावल्याचे जाणवले. २०११ मध्ये सात अंतराळवीरांच्या डोळ्यांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्याच जोडीला सुमारे ३०० जणांची माहितीही तपासली होती. छोट्या मोहिमांवर गेलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के आणि दीर्घ मोहिमांवर गेलेल्यांपैकी ६० टक्के लोकांनी दृष्टी मंदावल्याचे सांगितले होते. हा विकार इतकी वर्षे होताच. पण तो नीट पाहायला आणि सांगायला अर्धे शतक जावे लागले.

मेंदूचेही तसेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सरासरी साडेपाच महिने अंतराळात राहून आलेल्या १८ जणांच्या मेंदूची चित्रे तपासली. त्यांतल्या १७ जणांच्या मेंदूची मधली खाच अरुंद झालेली आढळली. मेंदू कवटीत किंचित वर सरकतो, असेही दिसून आले. आणि वजनरहित अवस्थेच्या जोडीला आहे विश्वकिरणांचा मारा. अपोलो-११ च्या प्रवासात १९६९ साली एडविन ऑल्ड्रिन यांना मिटल्या डोळ्यांपुढे प्रकाशाचे लखलखाट दिसले. पुढच्या वीरांनी अंधारात बसून ते मोजले. साधारण तीनेक मिनिटांना एक! दूर विश्वातून आलेला जड कण डोळ्याच्या पडद्यातून आरपार जाताना ही ठिणगी उडवतो. २००१ मधील एका पाहणीत मोतीबिंदू झालेले ३९ अंतराळवीर आढळले. त्यांतले ३६ जण अपोलोसारख्या अधिक किरणोत्सर्गाच्या मोहिमांवर गेलेले होते. अशाच कणांचा मारा केलेल्या उंदरांची स्मरणशक्ती मंदावल्याचेही प्रयोगशाळेत दिसले आहे. टिटोव्ह यांचे यान पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आत होते. मंगळाच्या वाटेवर ते कवच नाही. जाऊन-येऊन प्रवासातच शरीराला सुमारे ६६० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग सोसावा लागेल, असे मोजमापांवरून दिसते. आपल्याला पृथ्वीवर निसर्गातून वर्षाला मिळतो तो अडीचच्या आसपास. या प्रवासाला निघणाऱ्यांनी रोज काय दिसते, काय आठवत नाही, कुठे अडखळते हे खरे सांगितले, तरच त्यांना घरी आणता येईल.

टिटोव्ह यांचे पुढे काय झाले? कौतुक उदंड झाले. १९६२ साली ते अमेरिकेत गेले, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना भेटले, ग्लेन यांच्याशी त्यांनी अनुभवांची देवाणघेवाण केली. पण अंतराळात पुन्हा जाण्याचा योग मात्र आला नाही. पंखांच्या अवकाशयानाच्या ‘स्पिराल’ प्रकल्पासाठी त्यांनी वर्षानुवर्षे तयारी केली. तो प्रकल्प रेंगाळला. मार्च १९६८ मध्ये गागारिन विमान अपघातात गेले. १९७० साली टिटोव्ह यांनी अंतराळवीरांचे पथक सोडले. त्यानंतर लष्कराच्या अवकाश विभागात ते कर्नल-जनरल या हुद्द्यापर्यंत चढले आणि १९९५ साली रशियाच्या संसदेत निवडून गेले. २० सप्टेंबर २००० रोजी मॉस्कोत, पासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन मुली आणि पत्नी असा परिवार मागे होता. पंचविसाव्या वर्षी २५ तासांत जे पाहिले, त्यावर उरलेली चाळीस वर्षे काढणे हे काही सोपे प्रारब्ध नव्हे.

आपल्याकडचे राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सोव्हिएत यानातून गेले, तेव्हा वजनरहित अवस्थेत योगासनांचा उपयोग होतो का, हे त्यांनी पाहिले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर अठरा दिवस राहिले. त्यांच्या प्रयोगांत वजन नसताना संगणकाच्या पडद्याशी माणसाचे कसे जमते, याचाही अभ्यास होता. आपल्या ‘गगनयान’साठी निवडलेल्या चौघा वैमानिकांनी रशियात प्रशिक्षण घेतले. गरगर फिरणाऱ्या खुर्चीशी त्यांची गाठ पडलीच असणार. त्या खुर्चीला टिटोव्ह यांचे नाव कोणी दिलेले नाही. त्यांचे नाव आहे ते चंद्रावरच्या एका विवराला आणि तेही चंद्राच्या पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या बाजूला.

मनगट लपवणारा मुलगा आणि उलटी सांगणारा मेजर हा एकच माणूस, याचे मला फार नवल वाटत असे. आता वाटत नाही. मनगट मोडले होते तेव्हा धोका फक्त त्याचा होता. अवकाशातल्या गरगरीमागे मात्र पुढे जाणाऱ्यांची रांग उभी होती. आपल्या घरातले कोणी पुढच्या खेपेला हळूच चक्कर येते म्हणाले, तर त्याला आधी खुर्ची द्या आणि सगळे क्रमाने सांगू द्या. मध्ये बोलू नका. निम्मे निदान तिथेच होते.